यादी करणाऱ्या साधनाचे वर्णन : ‘सर्व’ या शब्दाचा एक अभ्यास

(तृतीय वर्ष कला, मराठी विशेष)

प्रास्ताविक

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाविषयी लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. विज्ञान शाखेतील मित्रांना कदाचित हसूही येईल. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय संगणकापेक्षा भाषेच्या अधिक जवळचा आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दोन ओळींचे एक वर्णन लिहिले. त्यातील एका विशेषणामुळे काही माणसांचे चार दिवसांचे काम भलत्याच ठिकाणी जाऊन पडले आणि एका वयोवृद्ध गुरुजींना मनस्ताप झाला. ती चूक कशी घडली, ती दुरुस्त करताना मी काय शिकले आणि त्या शिकण्यात आपल्या ग्रंथालयाचा व व्याकरणाच्या तासांचा वाटा किती, हे सहाध्यायांपुढे व गुरुजनांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझा मामेभाऊ पुण्यातील एका लहानशा संगणक कार्यालयात काम करतो. सुट्टीत मामाकडे गेले असता दादा म्हणाला, “भाषा शिकून काम कुठं मिळतं, असं म्हणतेस ना? मग हे घे. आमच्याकडे प्रोग्रॅम लिहिणारे पाच जण आहेत, पण सरळ वाक्य लिहिणारा एकही नाही. एका टूलचं वर्णन लिहून दे.”

“टूल काय करतं?” मी विचारले.

“क्लाउडवरच्या डेटाबेसची यादी देतं.”

“आणि वर्णन वाचणार कोण?”

“एआय एजंट वाचणार. माणूस क्वचितच.”

वाचक माणूस नाही हे ऐकून मला प्रथम गंमत वाटली. पुढे तीच या कामातील सर्वांत अवघड गोष्ट ठरली.

पेठ, वाडा आणि बिऱ्हाड

प्रथम डेटाबेस म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. माहिती परस्परसंबंधित तक्त्यांच्या रूपाने साठवावी, ही कल्पना एडगर कॉड या शास्त्रज्ञाने आयबीएम कंपनीत असताना १९७० साली एका निबंधात मांडली. आज बँका, दुकाने, रुग्णालये यांचा पुष्कळसा व्यवहार अशाच तक्त्यांवर चालतो. याच कॉडने १९८५ साली अशा डेटाबेसला लागू होणारे काही नियम प्रसिद्ध केले. त्यांतील एक नियम मला फार आवडला. डेटाबेसमध्ये काय काय आहे याची सूचीसुद्धा त्याच डेटाबेसमध्ये, तक्त्यांच्याच रूपात ठेवलेली असावी, असा तो नियम आहे. म्हणजे ग्रंथालयाची सूची हीदेखील ग्रंथालयातलीच एक वस्तू! मायएसक्यूएल या प्रणालीत ‘शो डेटाबेसेस’ अशी आज्ञा दिली की यादी मिळते. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी एक खास तक्ताच असतो.

पूर्वी हे सारे कार्यालयातल्या यंत्रावर असे. आता ते पुष्कळ ठिकाणी क्लाउडवर, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या यंत्रशाळांमध्ये भाड्याच्या जागेत असते. गूगल कंपनीची ‘क्लाउड एसक्यूएल’ ही अशीच एक सेवा असून तीत मायएसक्यूएल, पोस्टग्रेस व एसक्यूएल सर्व्हर या तीन प्रकारचे डेटाबेस ठेवता येतात. दादाचे कार्यालय हीच सेवा वापरते.

या सेवेतील रचना मला काही केल्या कळेना, तेव्हा दादाने ती पुण्याच्या भाषेत सांगितली. “प्रोजेक्ट म्हणजे पेठ समज. पेठेत वाडे असतात, त्यांना आम्ही इन्स्टन्स म्हणतो. वाड्यात बिऱ्हाडं असतात, ते डेटाबेस. आणि बिऱ्हाडातली कपाटं म्हणजे तक्ते.”

हे रूपक मी पुढे फार वापरले, कारण ते बारीकसारीक गोष्टींतही टिकते. उदाहरणार्थ, मायएसक्यूएलच्या वाड्यातील बिऱ्हाडांची यादी मागितली तर ‘मायएसक्यूएल’, ‘इन्फर्मेशन स्कीमा’, ‘परफॉर्मन्स स्कीमा’ अशी काही नावेही तीत येतात. ही भाडेकरूंची बिऱ्हाडे नव्हेत. ती वाड्याची स्वतःची कोठी आहे. तसेच एखादा इन्स्टन्स खर्च वाचविण्यासाठी बंद करून ठेवलेला असेल, तर त्यातील डेटाबेसची यादी मागितल्यास यादीऐवजी चूक झाल्याचा निरोप येतो. बंद वाड्याचे दार ठोठावून आत कोण राहते हे कळत नाही, त्यातलाच प्रकार.

एजंट टूल कसे निवडतो

एजंट म्हणजे काय, याविषयीही पुष्कळांच्या मनात गूढ असते. भाषा-मॉडेल स्वतः डेटाबेसला हात लावत नाही. त्याला वापरता येण्याजोग्या टूल्सची एक यादी दिलेली असते. प्रत्येक टूलसोबत तीन मुख्य गोष्टी असतात : टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवावी लागते याचा साचा. प्रश्न आला की मॉडेल ती वर्णने वाचते, योग्य वाटेल ते टूल निवडते, साचा भरून विनंती लिहिते. प्रत्यक्ष काम दुसरा प्रोग्रॅम करतो, उत्तर मजकुराच्या रूपाने परत येते आणि त्यावरून मॉडेल आपल्याशी बोलते. हा व्यवहार सर्वांनी एकाच पद्धतीने करावा म्हणून अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा संकेत खुला केला. गूगलने खुल्या स्वरूपात दिलेल्या ‘एमसीपी टूलबॉक्स फॉर डेटाबेसेस’ या संचातही क्लाउड एसक्यूएलच्या एखाद्या इन्स्टन्समधील डेटाबेसची यादी देणारे तयार टूल आहे. दादाच्या कार्यालयाने मात्र आपल्या सोयीचे वेगळे टूल बनविले होते; ते एका प्रोजेक्टमधील सगळ्या इन्स्टन्सवर फिरून डेटाबेसची नावे गोळा करून आणी.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. मॉडेलने ते टूल पाहिलेले नसते. टूलच्या पोटातील प्रोग्रॅम त्याने वाचलेला नसतो. त्याची टूलशी ओळख फक्त वर्णनातून होते. परगावच्या स्थळाविषयी केवळ मध्यस्थाच्या पत्रावरून मत बनवावे, तशी ही स्थिती आहे. पत्र लिहिणाऱ्याची जबाबदारी किती मोठी, हे वेगळे सांगावयास नको.

माझे पहिले वर्णन आणि त्याचा परिणाम

मी लिहिलेले पहिले वर्णन असे होते. कार्यालयात ते इंग्रजीत गेले, येथे माझा मूळ मराठी मसुदा देते :

“क्लाउडवरील सर्व डेटाबेसची यादी देते. एखादा डेटाबेस अस्तित्वात आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी वापरावे.”

वाक्ये लहान, शुद्ध आणि सुबोध. दादाने वाचली, “छान” म्हणाला आणि ती टूलला जोडली गेली. मला अभिमान वाटला, हे कबूल करते.

त्या कार्यालयाकडे एका जुन्या वाचनालयाचे काम होते. वाचनालयातील सूचिपत्रे, म्हणजे लाकडी खणांतील कार्डे, डेटाबेसमध्ये उतरवायची होती. एक निवृत्त गुरुजी दर आठवड्याला येऊन नोंदी तपासत. कार्डांवर अनेक ठिकाणी लेखकांची टोपणनावे तेवढी होती, देणगीदारांची नावे चुकीची होती; गुरुजींनी ती आठवणीतून आणि जुन्या वह्या धुंडाळून दुरुस्त केली होती. मध्यंतरी काम थांबले. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा कार्यालयात नव्याने आलेल्या एका मुलीने एजंटला विचारले, “वाचनालयाच्या सूचीचा डेटाबेस आहे का?”

एजंटने माझे टूल वापरले. यादी आली, तीत तीन नावे होती, वाचनालयाचे नव्हते. एजंटने सांगितले की असा डेटाबेस अस्तित्वात नाही आणि हवा असल्यास नवा तयार करता येईल. ती नवीन, तिने होकार दिला. नवा डेटाबेस तयार झाला आणि नोंदी उतरविणारी मंडळी चार दिवस त्यात काम करीत राहिली.

चौथ्या दिवशी गुरुजी आले. त्यांनी एक जुनी नोंद शोधली, ती मिळेना. दुसरी शोधली, तीही मिळेना. “माझ्या दुरुस्त्या कुठं गेल्या?” एवढेच ते म्हणाले आणि खुर्चीवर बसून राहिले. मी तेथेच होते. त्यांचा तो चेहरा मी विसरू शकत नाही.

सुदैवाने दुरुस्त्या गेलेल्या नव्हत्या. जुना डेटाबेस जागच्या जागी, दुसऱ्या पेठेत सुखरूप होता. कार्यालयाची दोन प्रोजेक्ट होती, एक चाचणीचे व एक मुख्य. टूलला प्रोजेक्टचे नाव सांगितले नाही तर ते आपोआप चाचणीच्या प्रोजेक्टमध्ये पाही. माझ्या वर्णनात त्याचा उल्लेखच नव्हता. एजंटने प्रोजेक्टचे नाव दिले नाही, कारण ते देण्याची गरज आहे असे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. बरे, चाचणीच्या प्रोजेक्टमधील मजकूर दर पंधरवड्याला पुसून टाकण्याची कार्यालयाची रीत होती. गुरुजी त्या दिवशी आले नसते, तर नव्याने उतरविलेल्या नोंदी खरोखरच नाहीशा झाल्या असत्या.

‘सर्व’ म्हणजे किती?

दादा मला रागावला नाही. “मीही वाचलंच होतं की,” तो म्हणाला. परंतु त्याने वाचताना जे घडले तेच या प्रकरणाचे मर्म आहे. दादाला टूलची कक्षा ठाऊक होती. संगणकासमोर बसणाऱ्या माणसाला पडद्याच्या वरच्या बाजूस प्रोजेक्टचे नाव दिसते. म्हणून ‘सर्व’ हा शब्द वाचताना ‘या प्रोजेक्टमधील सर्व’ असा अर्थ त्याचे मन आपोआप भरून काढते. एजंटपुढे तो पडदा नव्हता. त्याच्यापुढे फक्त माझे वाक्य होते, आणि माझे वाक्य खोटे होते.

सुट्टी संपल्यावर ही हकिकत मी आमच्या व्याकरणाच्या सरांना सांगितली. ते हसून म्हणाले, “अगं, हे तर तू शाळेतच शिकलीस. ‘सर्व’ हे कोणतं विशेषण?”

“अनिश्चित संख्याविशेषण,” मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच थांबले.

लहानपणापासून ‘सर्व, काही, थोडे, इतर’ अशी उदाहरणे आपण घोकतो. ‘सर्व’ हा शब्द ‘अनिश्चित’ या वर्गात का, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. सर्व म्हणजे सर्व, याहून निश्चित काय असणार? आता त्याचे उत्तर मिळाले. ‘सर्व मुले आली’ या वाक्यातील मुले किती, हे ‘सर्व’ हा शब्द सांगत नाही. वर्गातली, गल्लीतली की गावातली, हे संदर्भ सांगतो. संदर्भ काढून घेतला की तो शब्द पोकळ होतो. सरांनी पाणिनीच्या अधिकारसूत्रांची आठवण करून दिली. अष्टाध्यायीत काही सूत्रे स्वतः कार्य सांगत नाहीत. पुढच्या सूत्रांची कक्षा ठरवून देतात. “नियम लिहिणाऱ्याला कक्षा आधी सांगावी लागते, हे आपल्याकडे फार जुनं आहे,” असे सर म्हणाले.

ग्रंथालयातील दाखला

यानंतर मी आमच्या ग्रंथपाल बाईंकडे गेले. बाईंनी शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ माझ्यापुढे ठेवली. ती सूची इ. स. १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांची आहे, पुढच्या खंडात १९३८ ते १९५० हा काळ येतो. बाई म्हणाल्या, “कुठून कुठवर पाहिलं ते दात्यांनी आधीच सांगितलंय. त्यामुळे १९६० चं पुस्तक यात सापडलं नाही तर ‘असं पुस्तक नाही’ असं कोणी म्हणत नाही. ‘या सूचीत नाही’ असं म्हणतो.”

‘नाही’ आणि ‘या सूचीत नाही’ यांतील हे अंतर मला माझ्या वर्णनात आणायचे होते. बाईंनी शि. रा. रंगनाथन यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांचीही आठवण दिली. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्यास सांगते. ते येथेही लागू पडते. मॉडेल एका वेळी वाचू शकेल अशा मजकुराला मर्यादा असते आणि त्याच्यापुढे अनेक टूल्सची वर्णने एकदम असतात. म्हणून चूक टाळण्याच्या भरात पानभर मजकूर लिहून चालत नाही. सूचिपत्राच्या कार्डावर जेवढे मावते तेवढ्यातच नेमके लिहावयाचे, ही शिस्त तेथे उपयोगी पडली.

दुसरे वर्णन

दादाशी फोनवर चार-पाच वेळा बोलून मी वर्णन पुन्हा लिहिले. त्याचा मराठी मसुदा असा :

“क्लाउड एसक्यूएलच्या एका प्रोजेक्टमधील, चालू असलेल्या इन्स्टन्सवरील डेटाबेसची नावे देते. प्रोजेक्टचे नाव देणे आवश्यक आहे. ते माहीत नसल्यास वापरणाऱ्याला विचारावे, अंदाजाने भरू नये. बंद असलेले इन्स्टन्स तपासले जात नाहीत. त्यांची नावे ‘न तपासलेले’ या सदरात वेगळी येतात. प्रणालीचे स्वतःचे डेटाबेस यादीतून वगळले आहेत. यादीत नाव नसणे याचा अर्थ ‘या प्रोजेक्टमधील चालू इन्स्टन्सवर नाही’ एवढाच. डेटाबेस अस्तित्वात नाही असा निष्कर्ष काढू नये. परवानगी नसल्यास यादीऐवजी चूक येते. तिला रिकामी यादी समजू नये. हे टूल फक्त वाचते, काहीही बदलत नाही.”

यातील एकेका वाक्यामागे एकेक शंका आहे. वर्णन लिहिता लिहिता टूलमधील उणिवाही उघड झाल्या, हा मला अनपेक्षित लाभ वाटला. बंद इन्स्टन्सविषयी काय लिहू असे मी विचारले, तेव्हा टूल ते मुकाट्याने सोडून देते असे दादाच्या लक्षात आले. ‘मुकाट्याने सोडून देते’ हे वाक्य वर्णनात लिहिण्यास लाज वाटली, म्हणून त्याने टूलच बदलले आणि ‘न तपासलेले’ हे सदर जोडले. प्रोजेक्टचे नाव ऐच्छिक होते, ते आवश्यक केले. जे स्पष्ट शब्दांत लिहिता येत नाही ते बहुधा रचनेतच बिघडलेले असते, असे मला या अनुभवावरून म्हणावेसे वाटते.

शेवटच्या वाक्याविषयी थोडे. टूल केवळ वाचते की बदलही करते, हे सांगणाऱ्या वेगळ्या खुणा जोडण्याची सोय वर सांगितलेल्या संकेताच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत झाली आहे. परंतु त्या खुणा म्हणजे टूल बनविणाऱ्याने दिलेली सूचना होय, हमी नव्हे. खरे कुलूप परवानग्यांचे. यादी देणाऱ्या टूलला लिहिण्याची परवानगीच देऊ नये, हा त्यावरचा सरळ उपाय. कार्यालयाने आता नवा डेटाबेस तयार करण्याचे टूलही वेगळे ठेवले असून, तयार करण्यापूर्वी दोन्ही प्रोजेक्ट तपासल्याचे माणसाला दाखवावे लागते.

आणखी एक सावधगिरी दादाने शिकविली. यादीत येणारी नावे माणसांनीच ठेवलेली असतात. एखाद्याने खोडसाळपणे नावातच काही आज्ञा लिहून ठेवली, तर वाचणारे मॉडेल तिला बळी पडण्याचा संभव असतो. यादीतून आलेला मजकूर ही माहिती आहे, आज्ञा नव्हे, हा भेद एजंट चालविणाऱ्याने पाळावयास हवा.

नव्या वर्णनानंतर आम्ही तोच जुना प्रश्न एजंटला पुन्हा विचारून पाहिला. त्याने यादी मागण्याआधी प्रतिप्रश्न केला, “कोणत्या प्रोजेक्टमध्ये पाहू?” दादाने फोनवर हे वाचून दाखविले तेव्हा मला परीक्षेच्या निकालाइतका आनंद झाला.

उपसंहार

आता मूळ प्रश्नाकडे येते. गुरुजींचे काय झाले? चार दिवसांच्या नव्या नोंदी जुन्या डेटाबेसमध्ये नेणे यंत्राने केले असते. परंतु अनेक कार्डे दोन्हीकडे होती आणि त्यांतली कोणती नोंद ठेवायची हे ठरविणे त्याला जमण्यासारखे नव्हते. तीन संध्याकाळ मी गुरुजींच्या शेजारी बसून एकेक नोंद वाचून दाखविली आणि ते सांगतील तसे केले. पहिल्या संध्याकाळी मी माझी चूक त्यांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मुली, यादीत नाव नाही म्हणजे माणूस नाही, असं नसतं. मतदार यादीतून माझं नाव दोनदा गळालं. मी होतोच की!”

यंत्रांसाठी वर्णने लिहिण्याचे काम यापुढे वाढत जाईल असे दिसते. ते केवळ विज्ञान शाखेचे काम आहे असे समजून आपण दूर राहू नये, असे मला नम्रपणे वाटते. आपण निबंधात ‘सर्व समाज’, ‘सर्व साहित्य’ असे किती सहज लिहितो! आपले वाचक शहाणे असतात, ते आपली वाक्ये मनातल्या मनात दुरुस्त करून घेतात, म्हणून ते खपून जाते. दुरुस्त करून न घेणारा वाचक मला प्रथमच भेटला, आणि त्याने माझी लिहिण्याची सवय बदलली. या वर्षीच्या चाचणी परीक्षेत ‘सर्व संतांनी’ असे वाक्य लिहून मी थांबले, ते खोडले आणि ज्यांचे साहित्य वाचले होते त्या तीन संतांची नावे लिहिली.

   वाचनालयाची सूची पूर्ण झाल्यावर तिच्या पहिल्या पानावर ती कोठून कोठवरची आहे हे लिहिण्याचे काम गुरुजींनी माझ्याकडे दिले आहे, तेवढे नीट करीन.